पुढची चाकं आणि मामाची भाऊबीज

नवरात्र सरत आलं की नागपुरात रस्त्यांच्या कडेला झेंडूचे ढीग पडतात आणि मला पेट्रोलचा वास यायला लागतो. घरातली मंडळी हसतात. म्हणतात, आजीचं नाकसुद्धा आता सेवानिवृत्त झालं. हसोत बापडी. ज्याचं नाक त्याला ठाऊक. झेंडू, पेट्रोल, ओलं रबर आणि वर उन्हात वाळणारी काळी माती, असा चौघांचा मिळून एक वास असतो, आणि तो मी एका आश्विनात पोटभर घेतला आहे. तेव्हापासून दरवर्षी तो न बोलावता येतो. मीही त्याला ये म्हणते, बस म्हणते.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी महालातल्या एका शाळेत मराठी शिकवत होते, माझ्या लग्नाचं बघतो आहोत असं घरचे म्हणायचे, प्रत्यक्षात कुणी काही बघत नव्हतं. आमचं घर विणकरांचं. बाबा गेले तसा घरातला माग बंद पडला. दादाचा जीव सुतात कधी रमलाच नाही. त्याला लोखंड आवडायचं. अमरावती रोडवर, वाडीच्या ट्रकांच्या गोदामांमागं त्यानं आणि त्याच्या दोस्तानं, शामरावनं, मिळून एक गॅरेज टाकलं होतं. वर टिनाचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली जमीन, आणि मधोमध एक कडुनिंब, ज्याच्या फांदीला साखळी लावून इंजिनं उचलायची. त्या झाडानं किती इंजिनं उचलली असतील देव जाणे. तरी दर चैत्रात ते फुलायचं.

दादा आणि शामराव ही जोडी मोठी गमतीची. दादा म्हणजे आग. गाडी आली की पाना घेऊन तुटून पडायचा. आधी खोलायचं, मग विचार करायचा. शामराव बसून ऐकायचा. इंजिन चालू करून बॉनेटला कान लावायचा आणि डोळे मिटायचा, आणि गाडीचा मालक घाबरून विचारायचा, "झोपले का हो हे?" दादा देवभोळा, शनिवारी तेल, मंगळवारी नारळ. शामराव बौद्ध, त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. एकाच्या टेबलावर बुद्धाची तसबीर, दुसऱ्याच्या टेबलावर मारुतीची. दोघांचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं की कुणी कुणाच्या गोष्टीला हात लावायचा नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. बुद्धाच्या तसबिरीवर धूळ बसली तरी दादा ती पुसत नसे, आणि मारुतीचा दिवा वाऱ्यानं विझला तर शामराव दादाला हाक मारून सांगायचा, स्वतः लावायचा नाही. तेव्हा मला याचं फार कौतुक वाटायचं.

त्या वर्षी श्रावणात दादानं लिलावातून एक परदेशी गाडी उचलली. खेड्यापाड्यात बोअर खोदायला बाहेरच्या देशातून काही मंडळी आली होती. काम संपलं, मंडळी गेली, गाडी राहिली. हत्तीएवढी, मातकट रंगाची, दारं लावली की तिजोरी लावल्यासारखा आवाज. आपल्याकडच्या जीपला चारही चाकं जोडायची तर खाली एक दांडा असे, तो हाताचा जोर लावून ओढायचा. हिला दांडा नव्हता. स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण होतं. ते दाबलं की खाली कुठंतरी 'खट्ट' व्हायचं, एक हिरवा दिवा लागायचा, आणि पुढची चाकंही मागच्या चाकांबरोबर ओढायला लागायची.

"पण बटण एवढंसं, आणि चाकं एवढी. ओढतं कोण?" मी विचारलं होतं.

शामराव फार खूश झाला. त्याला कुणी काही विचारलं की तो असाच खूश व्हायचा. त्यानं बॉनेट उचलून एक बोटाएवढी काळी रबरी नळी दाखवली. म्हणाला, "मास्तरीनबाई, इंजिन श्वास घेते. श्वास घेताना हवा ओढते. ती ओढ ह्या नळीतून मागं जाते. मागं एक डबी आहे, डबीत रबरी पडदा. नळीतून हवा ओढली की पडदा आत जाते, पडद्याले दांडा, दांड्याले गिअर. झालं! ह्या गाडीत सारा कारभार नसलेल्या हवेवर चालते."

नसलेल्या हवेवर! मी वर्गात विरोधाभास अलंकार शिकवत होते आणि वाडीच्या गोदामांमागं तो साक्षात उभा होता. पुढं कित्येक वर्षं मी मुलांना हेच उदाहरण दिलं. मुलांना कळलं की नाही कोण जाणे, मला मात्र फार कळलं. घरातला एखादा माणूस नसला की त्याची रिकामी जागा केवढी ओढते, हे त्या आश्विनात मी मायच्या तोंडावर रोज पाहत होते.

कारण त्या वर्षी मामा येणार नव्हता.

मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. उमरेडच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून कोसभर आत काळ्या मातीत त्याचं गाव. थोडी शेती, घरात एक माग. माय लग्न होऊन नागपूरला आली त्या वर्षापासून भाऊबीजेला तो आला नाही असं झालं नव्हतं. गुडघाभर चिखल तुडवत सडकेपर्यंत यायचा, एस.टी. पकडायचा, आमच्या दारात उभा राहून आधी पाय धुवायचा आणि मग चिवड्याचं विचारायचा. बहिणीनं भावाकडं जाणं त्याला साफ नामंजूर. "भावानं जावं, बहिणीनं दारात उभं राहावं," हा त्याचा कायदा, आणि तो त्यानं उभा जन्म पाळला. पण त्या पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावताना तो ओट्यावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर आला. गावच्या एका माणसानं निरोप आणला, "यंदा येणं होत नाही म्हणते. येसूले सांगजो, तिकूनच ओवाळ म्हणा."

माय, म्हणजे मामाची येसू, निरोप ऐकून उठली आणि उगाच गव्हाचं पीठ चाळायला बसली. चाळलेलंच पीठ होतं ते. थोड्या वेळानं म्हणाली, "मग मी जाते."

जाते म्हणणं सोपं. वर्षानुवर्षं मागावर बसून तिची कंबर कामातून गेली होती. बैलगाडीचा एक हिसका बसला की ती आठवडाभर अंथरुणाला खिळायची. डॉक्टरांनी बैलगाडी बंद केली होती. आणि दिवाळीपर्यंत त्या वाटेनं दुसरं काही जातच नसे. दादा मात्र छाती काढून म्हणाला, "माय, तू कायले चिंता करतं? चार चाकी ओढणारी गाडी आहे आपली. भाऊबीजेले तुले मामाच्या दारात उतरवतो का नाही पाह्य."

तेव्हापासून ती गाडी मायची झाली. ती रोज विचारायची, गाडी बरी आहे का, जशी एखाद्या लेकुरवाळीची चौकशी करावी. श्रावणात दादानं तिला गोदामांमागच्या चिखलातून एक चक्कर मारून आणली होती. बटण, खट्ट, हिरवा दिवा, आणि गाडी चिखलातून म्हशीसारखी संथ निघाली. माय उतरली ती लाल होऊन. मला कानात म्हणाली, "तुह्या बाबांनी मले रिक्षात सुद्धा कधी इतकं मानानं नाही नेलं वं."

खांडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. गॅरेजमध्ये पाने, हातोडे, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलं जाई. धुण्याचं काम शामरावचं. "सफाई माही, पूजा तुही," असा त्यांचा करार. त्या वर्षी माय स्वतः आली. आपल्या गाडीची पूजा आपल्या हातानं. सगळ्या गाड्यांना हार बाहेरून, हिला मात्र मायनं बॉनेट उघडायला लावलं. "जीव तं आत आहे ना? मंग हार बाहेर कायले?" असं तिचं म्हणणं. खोडून काढता येईना. इंजिनाला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मायनं झेंडूचा घसघशीत हार आत बांधला. तार घेतली नाही. घरचं सूत नेलं होतं, दुहेरी करून, खळ देऊन कडक केलेलं. तुटलेला धागा जोडताना विणकर जी गाठ मारतात ती गाठ मारली. ती ओढली तर घट्ट होते, सुटत कधीच नाही. नीट बसावा म्हणून सुताचे वेढे घेतले, पुन्हा घेतले.

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी नागपूर नागपुरात मावत नाही. एकीकडं सोनं वाटत फिरणारे लोक, आणि दुसरीकडं दीक्षाभूमीकडं चाललेली पांढऱ्या कपड्यांची माणसं, डोक्यावर गाठोडी, काखेत लेकरं. शामरावकडचे गावचे पाहुणे गॅरेजमध्येच उतरलेले असत. दादा आदल्या दिवशी अंगण झाडून पाण्याचे रांजण भरून ठेवायचा. आम्ही पाहुण्यांकडं जेवायचो, पाहुणे आमच्याकडून आपट्याची पानं न्यायचे. इतकी माणसं, इतका कालवा, पण कुणाचा पाय कुणाला लागला असं मला आठवत नाही.

आणि मग परतीचा पाऊस आला. दोन दिवस टिनावर नुसता ताशा. कपाशीवाल्यांची तोंडं उतरली, आणि दादाचं फुललं. "आता पाह्यजो गाडीची मजा!" म्हणत त्यानं मायला बसवलं, मला बसवलं, आणि गाडी गोदामांमागच्या चिखलात घातली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. हिरवा दिवा मेलेला. मागची चाकं गरगर फिरली, चिखल उडाला, गाडी थोडी थोडी करत पोटापर्यंत बसली. पुढची चाकं स्वच्छ, पाहुण्यासारखी स्वस्थ.

शेवटी एका ट्रकवाल्यानं दोर बांधून ओढून काढलं. तो सरदार जाताना दादाला म्हणाला, "चार चक्के का क्या करोगे भैया, पहले दो तो सँभालो." माय मागच्या सीटवर तोंडात पदर धरून हसत होती. दादा संतापला. मी खिडकीतून बाहेर पाहिलं, कारण मलाही आवरत नव्हतं. पण घरी आल्यावर माय हसायची थांबली आणि तिनं देवापुढं बसून बराच वेळ वाती वळल्या.

मग सुरू झाली ती शोधाशोध. शाळेला दिवाळीची सुटी लागली होती. दोघांचा डबा घेऊन मी रोज वाडीला जायचे आणि परत यायचं विसरायचे. मुलीच्या जातीनं गॅरेजमध्ये बसू नये असं तेव्हाही लोक म्हणत. मला तिथं फार बरं वाटे, हे मी आज सांगून टाकते. हिवाळ्याची पहिली कोवळी थंडी, सकाळची तर्री-पोह्याची पुडी, कागदातून झिरपणारं तिखट तेल, आणि समोर दोन माणसं एका न दिसणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करताहेत. यापरतं सुख मला फार वेळा मिळालेलं नाही.

दादानं आधी दिव्याचा बल्ब बदलला. बल्ब शाबूत. मग फ्यूज. फ्यूज शाबूत. मग बटणाखालची वायर दोनदा उलटीसुलटी केली. शामराव डोळे मिटून म्हणाला, "वायर सोड. बटण दाबलं की टक् होते, मले ऐकू येते. वीज जाऊन राहिली. ओढ जाऊन नाही राहिली."

मग तो गाडीखाली आडवा झाला. मागच्या डबीची नळी काढली आणि तिचं तोंड जिभेला लावलं. "इंजिन चालू कर गा!" दादानं चालू केलं. शामराव थोडा वेळ जीभ लावून पडून राहिला. बाहेर आला तेव्हा मिशा काळ्या झाल्या होत्या. "जीभ ओढतच नाही."

"पाहू," म्हणून दादानं जीभ लावली. मग मीही लावली. मास्तरीनबाईंना कोण नाही म्हणणार? रबराची कडूगोड चव, थोडी मातीची, आणि ओढ म्हणाल तर इतकी पुसट की आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. आम्ही तिघं काळ्या ओठांनी एकमेकांकडं पाहत बसलो. तेवढ्यात गाडी दाखवायला एक शेठ आला आणि आमची तोंडं पाहून परत गेला.

दादाचा निकाल लागला, "पडदा फाटला." डबी खोलली. पडद्याला खरंच एक बारीक भेग होती. परदेशी गाडीचा पडदा नागपुरात कुठला मिळायला? इतवारी पालथी घातली. शेवटी एका रबराच्या दुकानात रबराचा जाडसर, मऊ तुकडा मिळाला. शामरावनं तो मायच्या शिवणकामाच्या कात्रीनं कापून असा बसवला की तोंडानं ओढला तर आत जाई आणि जीभ काढेपर्यंत हलत नसे. दादानं नारळ फोडला. बटण दाबलं. दिवा लागेना.

कोजागिरी होऊन गेली. दिवाळी जवळ येत होती. माय संध्याकाळी विचारायची, "झालं का?" आणि आमची तोंडं पाहून म्हणायची, "होईन, होईन. आधी जेवा." जेवताना आम्ही मान वर करत नव्हतो.

एकदा तर फारच मजा झाली. इंजिन चालू ठेवून आम्ही तिघं टपरीवर चहाला गेलो. परत येतो तो हिरवा दिवा लागलेला! दादानं अंगणात फुगडी घातली, शामरावला घेऊन. गिअर टाकला, गाडी दोन हात पुढं गेली, आणि दिवा विझला. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा वाट पाहिली, काही नाही. चहाला गेलो, लागलेला. पळवली, विझलेला.

"ही माणसाले पाहून लाजते," शामराव म्हणाला.

"नवी सून आहे का लाजाले?" दादा खेकसला. "इकडं मायले काय सांगू मी? मामाच्या वावरात उभी राहून चहा पी म्हणू?"

तेव्हा मी पहिल्यांदा दादाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. शब्द दिला होता त्यानं. बाबा गेल्यावर मायनं स्वतःसाठी काही मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती आता हातची चालली होती. मामाचं वय, त्याची खाट, पुढच्या दिवाळीचं कोण सांगणार. हे आम्ही तिघंही जाणून होतो आणि कुणी तोंडातून काढत नव्हतो. शामरावनं दादाच्या पाठीवर हात ठेवला. तेलाचा पंजा उमटला, तो त्या सदऱ्यावरून कधी गेला नाही.

आज माझ्या पुतण्याच्या गाडीत सगळं आपोआप होतं. बिघाड झाला तर काचेवर अक्षरं येतात. बरं आहे, वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात तो मोबाइलवर दुसऱ्यांच्या गाड्या पाहत बसतो. मी त्याला काही बोलत नाही. एखाद्या नळीला तिघांनी जीभ लावून बसण्यातली गंमत सांगून कळायची नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी माय रिक्षानं गॅरेजमध्ये आली. पितळी ताटात ताजा हार, पणती, बत्तासे. लक्ष्मीपूजनाला जुना हार काढून नवा घालायचा ही आमची रीत. त्याआधी पूजेचा हार कुणी काढत नाही. झेंडू वाळून तपकिरी गोळा झाला होता. शामराव आत बसून इंजिन चालू ठेवून बटण दाबत होता, सवयीनं, आशा सोडलेल्या माणसासारखा. दादा पलीकडं एका ट्रकखाली पडला होता. माय बॉनेटमध्ये वाकली आणि गाठ सोडायला लागली. सुटेना. पावसात भिजून सूत आवळलं होतं, मग वाळून दगड झालं होतं.

"कात्री दे वं," ती म्हणाली. मी दिली. तिनं सूत कापलं.

खट्ट!

"लागली!" शामराव आतून ओरडला. "लागली बापा! दिवा लागला! कुणी काय केलं?"

माय एवढी दचकली की तिनं कात्री आणि हार दोन्ही पाठीमागं लपवले. "म्या नाही गा काही केलं!"

दादा ट्रकखालून सरपटत आला. शामराव उतरला. तिघं बॉनेटमध्ये वाकलो. इंजिनाजवळ, हार होता त्या जागी, ती बोटाएवढी काळी नळी होती. तिला मधोमध बारीक कंबर पडली होती. सुताचे वळ रबरावर अजून स्पष्ट दिसत होते. मायनं हार नळीलाच बांधला होता. नळी पुरती बंद झाली नव्हती, सुईएवढी वाट उरली होती. त्या वाटेनं हवा हळूहळू जायची, म्हणून चहाला गेलो की दिवा लागायचा, आणि गाडी पळवली की ती जराशी ओढ पुरायची नाही म्हणून विझायचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही सगळं नागपूर हिंडलो होतो. दादानं शामरावकडं पाहिलं.

"तू तं रोज तिथं कान लावून बसतं. तुले दिसलं नाही का गा?"

"हार दिसला," शामराव म्हणाला. "रोज वाटे, हार बाजूले करून नळी पाहावं. पण पूजा तुही. मी कायले हात लावू? तुले वाईट वाटलं असतं. तुले नाही दिसलं?"

"मले बी रोज वाटे," दादा पडलेल्या आवाजात म्हणाला. "पण दिवाळीआधी पूजेचा हार कसा काढू?"

मग शामराव हसायला लागला, आणि त्याचं हसणं म्हणजे पोटातून घरघरत येणारं. दादा हसला, मी हसले, कडुनिंबावरचे कावळे उडाले. मायला मात्र हसू येईना. ती ती नळी बोटांनी चोळत होती. "म्हणजे माहीच गाठ माह्या आड आली का रे?"

"माय," शामराव डोळे पुसत म्हणाला, "इंजिन परदेशी, पण गाठ आपली. इंजिन हरलं त्याच्यापुढं."

तेव्हा ती हसली. नवा हार उचलून तिनं तो शामरावच्या हातात दिला. "हा तूच बांध. कुठं बांधाचा ते तुले समजते. चालते ना तुले?"

"फुलंच तं आहेत, माय," म्हणून त्यानं तो पुढच्या जाळीवर, दोन दिव्यांच्या मधे, मोठ्या निगुतीनं बांधला. दादा आत गेला. बाहेर येताना त्याच्या हातात फडका होता, आणि शामरावच्या टेबलावरची तसबीर पुसलेली होती. नळीचा दबलेला तुकडा त्यांनी कापून टाकला आणि मधे तांब्याच्या पाइपाचा तुकडा घालून जोडलं. संध्याकाळी वाडीच्या प्रत्येक गोदामावर पणत्या लागल्या तेव्हा दादा चिखल शोधत फिरत होता.

भाऊबीजेला पहाटे निघालो. उमरेड रस्त्याला धुकं, दोन्ही बाजूंना फुटायला लागलेली कपाशी, गाडीत अनारशांचा डबा आणि संत्र्यांची टोपली. माय नऊवारीत पुढं बसली होती, ताट मांडीवर घट्ट धरून. डांबरी सडक संपली. समोर कोसभर काळी, ओली, चमकणारी माती. दादानं गाडी थांबवली. बटणाकडं पाहिलं, मायकडं पाहिलं. मायनं डोळे मिटले. शामराव मागून म्हणाला, "दाब ना गा, मुहूर्त पाहून राहिला का?"

खट्ट. हिरवा दिवा. पुढच्या चाकांनी माती धरली. ती जी ओढ जाणवली, पायाखालून, सीटमधून, ती मला आजही आठवते. इतकं मोठं जड धूड आणि ते पुढून कुणी हात धरून न्यावं तसं चाललं होतं. गावाअलीकडचा नाला आला, चाकांच्या वरपर्यंत पाणी, तेही पार झालं. पलीकडं वावरात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. माय काचेतून प्रत्येकीला हात दाखवत होती, ओळख असो की नसो.

मामा पडवीत खाटेवर होता. वाळला होता. मायला पाहून त्याचं तोंड उजळलं आणि दुसऱ्याच क्षणी त्यानं ते भिंतीकडं फिरवलं.

"काहून आली?"

"भाऊबीज आहे ना, भाऊ."

"भावानं जावं का बहिणीनं यावं? आजवर कधी आली होती का तू? माहा पाय मोडला म्हणून रीत मोडाची का?" त्यानं गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली. "जेवून घ्या. ओवाळू नको मले. असा खाटेवर पडून नाही घेत मी ओवाळून."

माय ताट धरून तशीच उभी राहिली. इतका चिखल, इतके दिवस, आणि शेवटच्या दोन हातांवर येऊन अडली. मी मामाच्या सुनेकडं पाहिलं, ती जमिनीकडं पाहत होती. मला वाटलं, आता रडूच येईल.

मग मामा भिंतीकडंच पाहत म्हणाला, "ते बाहेर काय उभं आहे?"

"गाडी आहे मामा," शामराव म्हणाला. "नाल्यातून येते."

"नाल्यातून येते?" मामानं मान वळवली. विणकराची नजर ती, दारातून गाडी टाचेपासून टपापर्यंत मोजली. मग एकदम म्हणाला, "मले उचला."

दादा आणि शामरावनं त्याला गोधडीसकट उचलून, पाय सरळ ठेवून, पुढच्या सीटवर बसवलं. त्यानं डोक्याला पागोटं मागितलं. सुनेनं आणून दिलं. "चाला नाल्यापल्याड," तो दादाला म्हणाला, आणि खिडकीतून मान काढून मायला हाक मारली. "येसू! दारात उभी राह्यजो. आज हे घर तुह्यं."

गाडी गेली. माय पाहतच राहिली. मग तिला कळलं, आणि ती कंबर विसरली. "पाणी दे वं पाय धुवाले! पाट मांड! पणती कुठं आहे?" घरातल्या सुनेला ती असं फर्मावत होती जणू त्या घरात जन्मभर तिचीच सत्ता होती. मी वात लावली. वारा होता, मी हाताचा आडोसा धरला. नाल्याकडून इंजिनाचा आवाज आला, खोल, मग वर चढणारा. शामरावनं नंतर सांगितलं की परत येताना बटण मामानंच दाबलं होतं, आणि हिरवा दिवा लागल्यावर म्हातारा लहान पोरासारखा हसला होता.

गाडी दारात येऊन थांबली. मामानं खिडकीतून पागोटं सावरलं, घसा साफ केला आणि पडवीतल्या रिकाम्या खाटेकडं न पाहता, परक्याच्या दारात आल्यासारखी हाक दिली.

"येसू, आहे का घरी? भाऊ आला."

माय डोळे पुसत उंबऱ्यात आली, ताट हातात, पदर सावरून.

"ये ना भाऊ, ये. लय दुरून आला. वाटेनं तरास तं नाही झाला?"

"नाही वं," मामा म्हणाला. "गाडी चांगली आहे."